विचारायची लाज, सांगायची घाई

बसा खाली सगळे. फोन खिशात ठेवा. तुमचा फोनवरचा गट मी काल रात्री जूनपासून आजपर्यंत वाचून काढला. वडनेर, दारोडा, पोहणा, तिन्ही गावांतल्या सगळ्यांचे निरोप पाहिले. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, रांगोळीनं काढलेला गावाचा नकाशा, फलक धरून उभी असलेली रांग, आणि त्याखाली वर्तमानपत्राचं कात्रण: कृषिदूतांनी केले शेतकऱ्यांना मार्गदर्शन. सातव्या सत्रात वर्ग बंद करून तुम्हाला खरिपाच्या ऐन हंगामात कार्यानुभवासाठी गावात पाठवलं ते मार्गदर्शन करायला? अरे, तुम्ही इथे शिकायला आला आहात. आणि शिकणाऱ्याचं पहिलं लक्षण म्हणजे प्रश्न. ते तुमच्या गटात जवळजवळ नाहीतच.

एक होता. पोहणा गावातल्या मुलीनं विचारलेला. कोरड्या खंडानंतर जोराचा पाऊस झाला, वावरात पाणी साचलं आणि दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीनं एकाएकी मान टाकली. तिनं झाड उपटून पाहिलं, मुळं कुजलेली नव्हती. हे सगळं तिनं नीट लिहिलं आणि विचारलं, काय असेल? इतका चांगला प्रश्न मला वर्गात क्वचित ऐकायला मिळतो. त्यावर तुम्ही काय दिलंत? अंगठे. जोडलेले हात. आणि त्याखाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

दारोड्याचा तू, उभा राहा. हेच चित्र तू तीन दिवस आधी पाहिलं होतंस. तुझ्या यजमान शेतकऱ्यानं चर काढून पाणी बाहेर काढलं, बुंध्याशी आळवणी केली, झाडाजवळची माती पायानं दाबली आणि बरीचशी झाडं उभी राहिली. मी हे तुझ्या दैनंदिनीत वाचलं. अक्षर सुरेख आहे. मग गटात का नाही लिहिलंस? गुण दैनंदिनीला आहेत म्हणून? आकस्मिक मर म्हणतात त्याला. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि झाड सुकतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उपाय झाला तर झाड वाचतं, पुढे हातात काही उरत नाही. तुझं उत्तर वहीत बंद होतं आणि काही मैलांवर तुझी वर्गमैत्रीण एका माणसाच्या वावरात हताश उभी होती. त्या माणसानं बियाणं उधारीवर आणलेलं असतं, बाळा. तुझ्या गुणांशी त्याला काय देणंघेणं?

आता दुसरा प्रकार, आणि याचा मला जास्त राग आहे. तुमच्यातल्या एकानं शेतकऱ्याला दोन कीटकनाशकं आणि वर विद्राव्य खत एकाच पंपात मिसळायला सांगितलं. कुठून आणलं हे ज्ञान? दुकानदार म्हणाला म्हणून. गटात विचारलं का? नाही. मला फोन केला का? नाही. का? विचारलं तर आपल्याला येत नाही हे सगळ्यांना कळेल. वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत नाकातोंडाला काही न बांधता, औषधं एकमेकांत मिसळून फवारत होती ती. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस पोखरला होता आणि घाबरलेला माणूस हाती लागेल ते मारत होता. हे तुम्ही परीक्षेत लिहिता, त्यावर गुणही मिळवता. मग वावरात उभं राहिल्यावर ते कुठे जातं? येत नाही म्हणायला लाज वाटते आणि अंदाजानं विष मिसळायला सांगताना वाटत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलानं हे करावं, हे मला सहन होत नाही.

आणि जे थोडं विचारता ते तरी कसं विचारता? एका पानाचा धूसर फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, सर, मॅडम, कोणता रोग? मी काय ज्योतिष सांगू? पेरणी कधीची, वाण कोणतं, जमीन भारी की हलकी, शेवटचा पाऊस कधी पडला, आधी काय फवारलं, वीस झाडांपैकी किती झाडांवर आहे आणि ती धुऱ्याकडची की मधली, हे कोण सांगणार? पानाची मागची बाजू तरी दाखवा, किडी बहुतेक तिथेच बसतात. बोंडअळीबद्दल लिहायचं तर कामगंध सापळ्यात रोज किती पतंग सापडले ते लिहा. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त, ही आर्थिक नुकसानीची पातळी तुम्हाला पाठ आहे. डोमकळ्या किती दिसल्या? वीस हिरवी बोंडं फोडून पाहिलीत का, किती बोंडांत अळी निघाली? इतकं लिहायला बसलात की अर्ध्या वेळा उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल. उरलेल्या अर्ध्यासाठी बाकीचे आहेत.

उत्तर देणाऱ्यांनीही ऐका. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हे पुस्तकात वाचलं, हे एका काकांनी सांगितलं, यातलं कोणतं ते आधी लिहायचं. मोबाइलवर कुठून तरी आलेली चित्रफीत पुढे ढकलणं म्हणजे उत्तर नव्हे. दोघांचं मत वेगळं पडलं तर भांडा, पुरावा मागा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वावरात जाऊन पाहून या. मी मध्ये लगेच बोलणार नाही. मात्र कुणाच्या जिवाला किंवा पिकाला धोका दिसला की त्याच मिनिटाला बोलेन. नक्की न कळलेल्या गोष्टीसाठी सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. फोन उचलायला तुमचं काय जातं?

आणखी एक. कुणी तरी यजमान शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचा फोटो गटात टाकला आहे आणि त्याखाली पीककर्जाचा आकडा. आत्ताच्या आत्ता काढून टाका. त्या माणसानं तुम्हाला घरात बसवलं, चहा पाजला, विश्वासानं आपली अडचण सांगितली. ती चव्हाट्यावर मांडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पीक, जमीन, कीड यांची चर्चा करा. माणसाचं नाव, देणं, घरातली भांडणं तुमच्यापाशीच राहिली पाहिजेत.

तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता आहात त्याची तरी थोडी चाड बाळगा. 1937 च्या ऑक्टोबरात, 22 आणि 23 तारखेला, वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. हातानं करायचं काम हेच शिक्षणाचं केंद्र असावं, ही नई तालीम तिथून पुढे आली, आणि झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिची योजना आखली. तुमचा कार्यानुभव त्याच विचाराच्या वाटेवरचा आहे. पण नुसतं काम केल्यानं शिक्षण होत नाही, रे. तुमच्या यजमान शेतकऱ्याचा गडी तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली डवरणी करतो. जे केलं त्याचा विचार करायचा, दुसऱ्याशी ताडून पाहायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं, हे तुमच्याकडून अपेक्षित आहे. एकाच वर्गात बसून सगळ्यांनी एकच फळा पाहिला असता. तीन गावांत पाठवलं ते तीन वेगळी वावरं दिसावीत म्हणून. ती एकमेकांना दाखवली नाहीत तर प्रत्येकानं एकेकच पाहिलं असं होईल.

रेंज नाही, हे कारण मला सांगू नका. हमरस्त्यावर वडनेरला रेंज आहे. आतल्या गावात दिवसभर वहीत लिहा आणि संध्याकाळी रस्त्याशी आलात की पाठवा. फोटो जात नसेल तर शब्दांत लिहा, त्यानं निरीक्षणाची सवय तरी लागेल.

आजपासून दैनंदिनीचे गुण मी गटातल्या चर्चेशी ताडून देणार आहे. गटात न विचारलेला प्रश्न वहीत दिसला तर त्या पानाला शून्य. फलकाचे फोटो बंद, वाढदिवसासाठी वेगळा गट काढा. पोहण्याच्या मुलीच्या त्या वावरातली किती झाडं उरली ते तिनं आणि दारोड्याच्या मुलानं उद्या सकाळी जाऊन मोजा आणि दुपारी सगळ्यांना लिहून कळवा. आणि पंपात औषधं मिसळायला सांगणारा तू, माझ्याबरोबर चल. त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन, काका, मी चुकीचं सांगितलं, असं तू स्वतः म्हणायचं आहेस. चप्पल घाल.