पडक्या भिंतींचा संग्रह

युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या इमारतींचीं पोस्टकार्डें हौसेनें जमविणारास रसिक म्हणावें कीं निष्ठुर? पहिल्या महायुद्धांत अशीं कार्डें विपुल निघालीं, आणि आजहि तीं मोल देऊन घेतलीं जातात. तेव्हां हा विचार अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

नोव्हेंबर १९१४ मध्यें ईप्र येथील तेराव्या शतकांतील कापडबाजाराची भव्य इमारत जर्मन तोफांच्या माऱ्यानें पेटली. कापडावरच जगणाऱ्या भिवंडीकरांस तिचें वाईट वाटावयास हवें. फ्रान्सनें रीम्सच्या जळक्या कॅथीड्रलचीं कार्डें शत्रूचा रानटीपणा दाखविण्यास वापरलीं. उलट पूर्व प्रशियांत रशियन फौजांनीं उजाड केलेल्या गांवांचीं कार्डें जर्मनांनीं काढलीं. दोन्ही शेजारीं ठेवून खालची ओळ झांकली, तर फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हें विटांच्या ढिगावरून सांगतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, काळाचें अंतर पडलें म्हणजे भग्नावशेष रम्य होतात. आमच्याजवळचेंच वसईचें उदाहरण घ्या. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या सैन्यानें सुरुंग लावून तेथील तट फोडला, हें आम्ही मुलांस अभिमानानें शिकवितों. आंतील बिनछपराच्या चर्चपुढें उभे राहून छायाचित्र काढतांना कोणाचें मन कचरत नाहीं. (तीं छपरें तोफांपेक्षां ओसाडीनेंच अधिक खाल्लीं असावींत; परंतु चित्र तेवढा भेद करीत नाहीं.) तेथें कोणाचें घर गेलें, हें विचारणारा आतां उरला नाहीं, म्हणून आम्ही निर्धास्त.

पण १९७० व १९८४ च्या दंग्यांत याच भिवंडींत जीं घरें जळालीं, त्यांचें काय? पहिल्या दंग्याची मादन आयोगानें चौकशी केली. तिचा अहवाल वाचणें हें नागरिकाचें काम आहे, असें आम्ही मानतों. मात्र त्या काळवंडलेल्या भिंतींचें चित्र कोणी शोभेच्या वहींत लावून पाहुण्यांस दाखवूं लागला, तर त्याच आळींतले लोक त्याच्या घरीं पाणी पितील काय? ईप्रच्या माणसासहि नाक, डोळे आणि आजोबा आहेतच.

तरीहि संग्रह मोडावा असें आम्हांस वाटत नाहीं. फेंकून दिलेला पुरावा कोणाच्याच उपयोगाचा नाहीं. फक्त कोरें, स्वच्छ कार्ड अधिक मोलाचें मानण्याची संग्राहकांची रीत आम्हांस पटत नाहीं. पाठीवर कोणा शिपायानें घाईघाईनें खुशाली कळविली आहे, शिक्का पुसट झाला आहे, कोपरा दुमडला आहे, असें कार्ड आधीं घ्यावें, आणि पाहुण्यांस दाखवितांना त्याची पाठ प्रथम दाखवावी.