तापीस्मरणाचा खरा अर्थ

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेले श्रीक्षेत्र प्रकाशा ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. श्रीकेदारेश्वराच्या दर्शनास येणारा भाविक तापीमाईचे जल श्रद्धेने मस्तकी लावतो. गंगेच्या स्नानाने, नर्मदेच्या दर्शनाने आणि तापीच्या केवळ स्मरणाने पापक्षालन होते, अशी लोकश्रद्धा आहे.

केवळ स्मरण! हे साधन सर्वांत सुलभ वाटते; विचार केल्यास तेच अवघड आहे. स्नान घटकाभरात आटोपते, दर्शन घेऊन भाविक परततो. स्मरण मात्र घरापर्यंत सोबत येते. मातेचे खरे स्मरण करणारा पुत्र केवळ तिचे नाव घेत नाही, तिच्या प्रकृतीची काळजीही वाहतो.

सूर्यकन्या तापी मुलताई येथे उगम पावते आणि 724 किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ सागरास मिळते. परंतु तिचे जल एकट्या मुलताईचे नव्हे. वाटेतील प्रत्येक डोंगर, ओढा व शिवार तिची ओंजळ भरत असते. डोंगर उघडा पडला की पाणी मुरत नाही, माती वाहून जाते, विहिरी आटतात; आणि पाठोपाठ माणसेही पोटासाठी गाव सोडतात.

शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने हे दुःख भोगले. तेथील श्री. चैत्राम पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊनही गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने 1990 नंतरच्या दशकात ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी केली, वृक्षतोडीस दंड ठरविला, श्रमदानाने बंधारे बांधले. सुमारे 400 हेक्टर वन पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले, मजुरीसाठी होणारे स्थलांतर थांबत गेले. 2025 साली श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. परंतु त्यांच्या जीवनाचे प्रयोजन त्यांना फार पूर्वीच, स्वतःच्या गावच्या मातीत सापडले होते.

भाविकांनी व दानशूर देणगीदारांनी हेच ध्यानी घ्यावे. क्षेत्री अर्पण केलेले दान पुण्यप्रद आहेच. त्यासोबत नदीपात्रात निर्माल्य वा प्लास्टिक न टाकण्याचा नेम करावा, आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या ओढ्याकाठी एक तरी वृक्ष लावून तो जगवावा. ज्याच्या हातून एक ओढा वाहता झाला, त्याचे तापीस्मरण सफल झाले.

॥ जय तापीमाता ॥