श्रद्धा : वारसा आणि निवड

आधुनिक काळात धर्माचे काय होणार, हा प्रश्न समाजशास्त्राच्या जन्माइतकाच जुना आहे. किंबहुना त्याच चिंतेतून हे शास्त्र जन्मास आले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीने चर्चची मिळकत जप्त करून जुन्या व्यवस्थेचा पायाच उखडला, आणि त्यानंतरच्या अस्थिर काळात वाढलेल्या ऑग्यूस्त काँत यांनी १८३० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला, की मानवी बुद्धी दैवी, तात्त्विक आणि शास्त्रीय अशा तीन अवस्थांतून जाते व तिसरीचा अंमल बसला की पहिली संपुष्टात येते. परंतु त्याच काँत यांनी उत्तरायुष्यात पुरोहित, संस्कार आणि पंचांग यांसह ‘मानवतेचा धर्म’ स्थापन करू पाहिला. समाजाला एकत्र बांधणारे बंधन केवळ शास्त्रीय ज्ञानातून निर्माण होत नाही, हे त्यांनाही जाणवले होते.

त्या बंधनाचे स्वरूप एमील द्यूरकेम यांनी उकलले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या, आपल्याकडील देवकाची आठवण करून देणाऱ्या कुलचिन्हांचा विचार करून १९१२ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष काढला, की पवित्र मानलेल्या वस्तूभोवती जमलेला समूह वस्तुतः आपल्याच सामूहिक शक्तीचे पूजन करीत असतो. आणि ज्याअर्थी समाजावाचून माणूस नाही, त्याअर्थी कोणत्या ना कोणत्या रूपात पवित्रतेची कल्पना टिकणारच. मॅक्स वेबर यांची दृष्टी अधिक उदास होती. प्रत्येक घटनेचा हिशेब मांडू पाहणाऱ्या युगात जगातील गूढता ओसरत जाते आणि जीवनाला अर्थ कोणी द्यायचा हा प्रश्न अनुत्तरित राहतो, असे त्यांनी १९१७ साली म्युनिक येथील व्याख्यानात प्रतिपादिले.

या दोन मतांपैकी विसाव्या शतकाच्या मध्यास विद्यापीठांत वेबर यांच्याच मताची, तीही बरीच सोपी करून, वहिवाट पडली. १९६८ साली पीटर बर्गर यांनी तर एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसे लहानलहान पंथांतच उरतील, असे भाकीत केले. पुढे इराणची १९७९ ची क्रांती झाली, पोलंडमधील कामगारांच्या लढ्यामागे कॅथलिक चर्च उभे राहिले, आणि जगाचा मोठा भाग पूर्वीइतकाच धार्मिक असल्याचे पाहून १९९९ मध्ये त्याच बर्गर यांनी आपला जुना सिद्धान्त चुकल्याचे प्रामाणिकपणे मान्य केले. त्यांचे एक निरीक्षण मात्र टिकाऊ ठरले : अनेक मते शेजारी नांदू लागली की पूर्वी वतनासारखा बापाकडून मुलाकडे बिनतक्रार येणारा धर्म आता प्रत्येकाला स्वतः निवडावा लागतो.

या निवडीचे अत्यंत गंभीर उदाहरण महाराष्ट्रात घडले. १९३५ साली येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एकवीस वर्षे निरनिराळ्या धर्मांचा कसून विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेला, कायद्यात निष्णात असलेला हा पुरुष निधर्मी झाला नाही. आत्मा व ईश्वर यांवरील विश्वास बाजूस सारून, माणसामाणसांतील व्यवहार समतेचा कसा होईल, या एका कसोटीवर त्यांनी धर्म पारखला. द्यूरकेम यांना दिसलेली समूहशक्ती आणि वेबर यांनी सांगितलेली बुद्धीची शिस्त या दोहोंचा असा संगम केवळ युरोपच्या अनुभवावर उभारलेल्या सिद्धान्तांच्या कक्षेत बसणारा नव्हता.

तात्पर्य, आधुनिकता श्रद्धेचा नाश करीत नाही. ती श्रद्धावंताला जबाबदार धरते. जे वारशाने आले ते राखतानाही ‘हे मी का राखतो?’ या प्रश्नातून आज कोणाची सुटका नाही, आणि ज्याने ते सोडले त्यालाही आपल्या त्यागाचे कारण द्यावेच लागते. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे ते या निवडीसाठीच. हे स्वातंत्र्य स्वतःसाठी मागणाऱ्या प्रत्येकाने ते शेजाऱ्यालाही, त्याची निवड आपल्याला कितीही अप्रिय वाटली तरी, तितक्याच निष्ठेने दिले पाहिजे.