प्रतिमा नसण्याचे स्वातंत्र्य

नव्वदच्या दशकात मराठी रंगभूमीवर अजित दळवी यांचे 'गांधी विरुद्ध गांधी' आले. चंद्रकांत कुलकर्णी यांनी बसवलेल्या या नाटकात भक्ती बर्वे कस्तुरबा होत्या आणि गांधींच्या भूमिकेत होते अतुल कुलकर्णी. पुढे २००० साली कमल हासन यांच्या 'हे राम'मध्ये हाच नट श्रीराम अभ्यंकर झाला. गांधींना मारले पाहिजे हा विचार नायकाच्या मनात रुजवणारा हा माणूस. त्या भूमिकेने त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले आणि लगेच 'चांदनी बार'मधल्या पोट्या सावंत या गुंडासाठी दुसरेही मिळाले. गांधी, गांधींच्या खुनाची भाषा बोलणारा सुसंस्कृत माणूस आणि मुंबईच्या अंधाऱ्या जगातला गुंड अशी ही रांग आहे. एका यशस्वी भूमिकेला धरून बसणारा नट हा रस्ता धरत नाही. लोकांनी गांधी म्हणून स्वीकारल्यावर अभ्यंकर करणे म्हणजे स्वतःच्याच प्रतिमेवर पाणी सोडणे. हे धैर्य कुठून येते, याचे उत्तर मला दिल्ली-मुंबईआधी सोलापुरात सापडते.

अतुल कुलकर्णी यांचा जन्म बेळगावचा, वाढ सोलापुरातली. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले, सोलापुरात इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळवली आणि याच काळात 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत ते रमले. त्यांच्या कारकिर्दीविषयी लिहिताना हा भाग बहुतेकदा एका वाक्यात उरकला जातो, जणू खरी गोष्ट नंतर सुरू होते. हौशी नाटकात पैसा नसतो, हे सगळे जाणतात. पण पैसा नसतो म्हणून बाजारही नसतो, आणि बाजार नसतो म्हणून नटाला जपावी लागेल अशी प्रतिमाही नसते, या परिणामाकडे फारसे कुणी पाहत नाही. एका वर्षी खलनायक, पुढच्या वर्षी म्हातारा, त्यानंतर दिग्दर्शन, आणि गरज पडली तर नेपथ्याच्या फळ्या उचलणे, हा हौशी संस्थेतला शिरस्ताच आहे. मागच्या वर्षीचे यश पुढच्या नाटकासाठी भांडवल म्हणून वापरता येत नाही, कारण संहिता वेगळी असते आणि संस्थेत माणसे मोजकी असतात. आपल्याला शोभेल ती भूमिका मागायची सवयच अशा नटाला लागत नाही. समोर आलेल्या माणसाची बाजू आतून समजून घ्यायची, एवढेच त्याच्या हाती उरते. संस्थेबरोबर शहरही शिकवते: सोलापूरच्या पेठांत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू रोज कानावर पडते. पुढे कन्नड, तेलुगू, तमिळ चित्रपटांत सहज वावरलेल्या नटाच्या कानाला या शहराचे वळण मिळाले असावे, असा माझा तर्क आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: त्यांना घडवले ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने, जिथून ते १९९५ साली बाहेर पडले. विद्यालयाचे ऋण नाकारण्याचा प्रश्नच नाही. आवाजाची, शरीराची, संहितेच्या वाचनाची पद्धतशीर तालीम हौशी संस्था देऊ शकत नाही. पण त्या विद्यालयात प्रवेश मागतानाच उमेदवाराकडून नाटकांचा पूर्वानुभव अपेक्षित असतो, ही गोष्ट बोलकी आहे. देशातली सर्वांत मोठी नाट्यशाळा जो पाया गृहीत धरते, तो सोलापूर, सांगली, नांदेड, अकोला अशा गावांतल्या मंडळींनी नोकरी-धंदा सांभाळून घातलेला असतो. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेने या पायाला वर्षाचे वेळापत्रक दिले. विद्यालय धार लावते, पण पाते आधी कुणीतरी घडवलेले असते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. मालिका आणि वेबमालिका यांना रंगभूमीची गरज उरलेली नाही. चेहरा कॅमेऱ्याला भावला की काम मिळते, असे म्हटले जाते. काम मिळते, हे खरेच आहे. प्रश्न पुढचा आहे. रोजची मालिका नटाला एकच माणूस वर्षानुवर्षे करायला लावते आणि प्रेक्षक त्याला त्याच नावाने ओळखू लागतात. ती प्रतिमा इतकी घट्ट बसते, की मालिका संपल्यावर नटाला त्यातून बाहेर कसे पडायचे ते कळत नाही. ज्यांना कळले, त्यांच्यामागे बहुधा रंगभूमी उभी दिसते. दिलीप प्रभावळकर दूरदर्शनवर चिमणराव म्हणून घरोघरी पोचले होते, आणि तरीही 'हसवाफसवी'त एकाच प्रयोगात अनेक माणसे झाले, 'चौकट राजा'चा नंदू झाले, 'झपाटलेला'चा तात्या विंचू झाले आणि 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीही झाले. अतुल कुलकर्णी यांनी 'सिटी ऑफ ड्रीम्स'मध्ये राजकारणी घराण्याचा प्रमुख केला आणि 'बंदिश बँडिट्स'मध्ये गवय्या. पडदा लहान झाला तरी भूमिकेकडे जाण्याची रीत तीच राहिली.

'नटरंग' हा चित्रपट तर मला या सगळ्या विवेचनाचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. आनंद यादव यांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा पिळदार अंगाचा शेतमजूर. तमाशाचा फड उभा करायचा तर नाच्या हवा, आणि दुसरा कुणी तयार होत नाही म्हणून तो स्वतः नाच्या होतो. त्यासाठी कुलकर्णी यांनी आधी शरीर कमावले आणि मग ते उतरवले, याचे खूप कौतुक झाले. पण गुणाची शोकांतिका शरीराची नाहीच. गाव त्याला एक प्रतिमा चिकटवते आणि त्या प्रतिमेची शिक्षा त्याच्या घराला, त्याच्या बायकोला, त्याच्या मुलाला भोगायला लावते. रंगमंचावर कुणीही होण्याचे नटाचे स्वातंत्र्य आणि माणसाने एकच काहीतरी असावे हा समाजाचा हट्ट, असा हा सामना आहे. त्यातली नटाची बाजू कुलकर्णी यांनी एवढ्या आतून मांडली, ती ते स्वातंत्र्य त्यांनी स्वतः वापरलेले होते म्हणून, असे मी मानतो.

आणि इथेच माझ्या मताला खरी अडचण येते, जी टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रतिमा नसण्याचे हे स्वातंत्र्य पुरुषाला जितके सहज मिळते तितके मुलीला मिळत नाही. मध्यम शहरात सगळे एकमेकांना ओळखतात. मुलगा रात्री अकराला तालमीहून परतला तर तो हौशी कलावंत. मुलीकडे मात्र खिडक्यांतून पाहिले जाते. तिच्यावर प्रतिमेचे ओझे बाजाराने नव्हे, शेजाराने टाकलेले असते. सोलापूरच्याच फैय्याज यांनी १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मध्ये झरीना उभी केली, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकासमोर गायल्या आणि २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचे मोठेपण मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर बहरले. दिग्दर्शक जब्बार पटेलांचे शालेय शिक्षण सोलापुरातले, मोठे काम पुण्यातले. माणसे पोटासाठी आणि व्यापक रंगमंचासाठी शहर सोडतात, त्यात दोष काही नाही. पण मुलींची गळती शहर सोडण्याच्या कितीतरी आधी, तालमीच्या वेळेपाशीच होते.

म्हणून सोलापूरने अभिमान बाळगताना आधी तालमीच्या जागेचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते. हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह प्रयोगासाठी आहे. पण प्रयोगाआधीचे दोन महिने कुठे काढायचे, हा प्रश्न प्रत्येक हौशी संस्थेला पडतो. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत एखाद्या शाळेचा मोठा वर्ग संध्याकाळी सहा ते साडेआठ तालमीला मिळाला, घरापासून चालत जाता येईल इतका जवळ आणि उजेडाच्या रस्त्यावर, तर आज ज्या मुली पहिल्याच वाचनानंतर येईनाशा होतात, त्या निदान पहिल्या प्रयोगापर्यंत टिकतील.