चाल कोणाची, नाम कोणाचे?

मसुरे, मालवण, कणकवली या बाजूस डबलबारी म्हणजे काय हे कोणास सांगावयास नको. समोरासमोर दोन बुवा, पेटी, मृदंग, झांज, चकी आणि मागे कोरस. रूपाचा अभंग होतो, गजराला रंग चढतो, आणि चाल येते ती सिनेमाची! मग एखादा तरुण विचारतो, "बुवांनू, सिनेमाच्या चालीर अभंग म्हटलो तर पाप लागता काय?"

प्रश्न खरा आहे. दटावून त्याला गप्प करू नये.

अहो, पेटी तरी आपली कोठे होती? ती युरोपातून आली, इकडे तिची हातपेटी झाली. आकाशवाणीने १९४० साली तिला दार लावले ते १९७१ पर्यंत. गावच्या देवळाने मात्र तिला बाहेर काढले नाही. नाथमहाराजांचे भारूड पाहा. वासुदेव, जोशी, गोंधळी, दारोदार फिरणाऱ्यांचेच ढंग त्यांनी उचलले आणि त्यांच्या तोंडून परमार्थ बोलविला. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. त्यातले शांताराम आठवल्यांचे एक गीत पुष्कळांनी तुकोबांचाच अभंग मानले! (गाथा उघडली असती तर कळले असते, ते असो.)

मग अडते कोठे? चाल एकटी येत नाही, आपली आठवण घेऊन येते. वासुदेव मुळातच हरीचे नाव घेत फिरणारा. पण नायक-नायिकेच्या गाण्याची चाल घेतली की ओठावर विठ्ठल आणि डोळ्यांपुढे नटी, असे होते. हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

दुसरे असे की वारकरी भजनात ऐकणारा निराळा नसतो. जो बसला तो टाळकरी. मुंबईची 'अभंग रिपोस्ट'सारखी तरुण मंडळी गिटार, ड्रम घेऊन अभंग गातात, शहरची मुले त्यामुळे अभंगाकडे वळतात. गिटारीवर आमचा राग नाही. पण ठोक्याखाली शब्द बुडाला, किंवा चाल इतकी वळणाची झाली की कोरसलाच झेपेना, तर खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीने काय म्हणावे? तिचे भजन आपण काढून घेतले की!

तेव्हा मसुऱ्याच्या बुवांना विनंती आहे. नवी चाल बसविताना पेटी बाजूला ठेवा, नुसत्या टाळावर घरच्या आईसमोर म्हणा. दुसऱ्या फेरीला तिने उचलली तर खुशाल गजरात घ्या. नाहीच उचलली, तर ती चाल विठोबासाठी बसविली की समोरच्या बुवाला हरविण्यासाठी, हे तुमचे तुम्हांला ठाऊक.