पोकळ अक्षरांची लीला

स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहरानजीक छपाईचे खिळे ओतणाऱ्या ‘हास’ या जुन्या कारखान्यातून १९५७ साली जे निरलंकार अक्षर बाहेर पडले, ते पुढे ‘हेल्व्हेटिका’ या नावाने जगभरच्या कचेऱ्यांत आणि फलकांवर रूढ झाले. परंतु त्याच कारखान्याने दहाच वर्षे आधी, १९४७ मध्ये, ऑयगेन आणि माक्स लेन्झ यांनी आरेखिलेला ‘प्रोफिल’ नावाचा एक नखरेल टाइप काढला होता, याची आठवण मुद्रकांखेरीज फारशी कोणी ठेवलेली नाही. त्यातील रोमन अक्षरांचे अंग कोरे, सीमारेषा तेवढी काळी, आणि कडेला अशी छाया की अक्षर कागदावरून उठून उभे राहिल्याचा भास व्हावा. या थाटाची वंशावळ सरळ बाजारात पोचते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स प्रभृती ओतकारांनी छायांकित अक्षरे कोरली ती इश्तहारांवर दुरून नजर खिळावी म्हणून. सलग मजकुराला ती कुचकामी, कारण आकार लहान केला की दोन रेषांमधली फट शाईने बुजते. वाचनाच्या जमाखर्चात जिची जमा जवळजवळ शून्य, त्या शोभेचे प्रयोजन काय?

हाच प्रश्न आपल्याकडे साक्षात ईश्वराला विचारला गेला आहे. जो आप्तकाम, ज्याला मिळवण्याजोगे काही उरलेले नाही, त्याने विश्वरचनेचा खटाटोप का करावा? ब्रह्मसूत्रांनी याचे उत्तर लीला असे दिले; आणि शंकराचार्यांनी भाष्यात, सर्व इच्छा पुरल्यावरही क्रीडेत रमणाऱ्या राजाचा आणि बाह्य प्रयोजनावाचून चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दाखला देऊन ते विशद केले.

पण पोकळ अक्षर याहून अवघड बाब पुढे आणते. अद्वैतवादी आचार्य गौडपादांच्या कारिकांत घटाकाशाचा दृष्टान्त आहे: घट फुटला की आतले आकाश महाकाशात मिळते, कारण ते मुळात वेगळे झालेलेच नव्हते. अक्षराच्या आतला कागद आणि बाहेरचा कागद हाही एकच असल्यामुळे येथवर हे अक्षर अद्वैताच्याच बाजूने साक्ष देते. मात्र रेषा पुसली, तर कागद अभंग राहूनही अक्षर नाहीसे होईल. कागदाचे काही बिघडणार नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणून सीमेला निव्वळ भ्रम ठरवून निकालात काढणे मला मंजूर नाही. सीमा त्या एकाचे तुकडे करीत नाही, तरीही तिच्यावाचून ते एक मुकेच राहते.

वेदान्ती यावर म्हणेल की वाचणे हा व्यवहार झाला, परमार्थ नव्हे. मान्य, परंतु पूर्णकाम परमार्थाने व्यवहाराची ही हौस का बाळगावी, असे त्याला उलट विचारले, तर त्याला लीलेचेच नाव घ्यावे लागेल, आणि आधी सीमा आखून घेतल्याशिवाय लीला मांडता येत नाही.