फुकट राबणाऱ्याची जबाबदारी

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आपल्याकडे प्रचार कार्यालयं थाटली जात नाहीत. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात, पक्षाचा व्हिप तिथे चालत नाही, आणि गल्लीबोळांतून कोणी पावत्या वाटत फिरत नाही. १९६९ साली मात्र या निवडणुकीने देश ढवळून काढला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर आपले चिंतामणराव देशमुखही रिंगणात होते. इंदिरा गांधींनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरी निवडून आले. त्या आवाहनामागे राजकारण किती आणि नीती किती, यावर आजही वाद घालता येईल. पण पक्षाचं काम करणाऱ्यालाही स्वतःची विवेकबुद्धी असते आणि ती गहाण टाकता येत नाही, हे त्यानिमित्ताने उघडपणे बोललं गेलं. खासदार-आमदारांना लावलेली ही कसोटी आपण प्रचार कार्यालयात फुकट राबणाऱ्या साध्या माणसाला मात्र कधी लावत नाही. तो बिचारा निःस्वार्थी, एवढं म्हणून सोडून देतो.

पुण्यात हा माणूस जुना आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली नानासाहेब गोरे पुण्यातून लोकसभेवर गेले, १९६७ साली एस. एम. जोशी गेले, या निवडणुका पदरमोड करून, सायकली हाणत, भिंती रंगवत लढणाऱ्यांच्या जिवावर लढल्या गेल्या. आज रोजंदारीवर झेंडे धरणारे मिळतात, तरी पेठांमधल्या, कोथरूडच्या किंवा हडपसरच्या भाड्याच्या गाळ्यात एक पैसाही न घेता बसणारी निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, कॉलेजची मुलं दिसतातच. यातल्या पुष्कळांच्या तोंडी एक वाक्य असतं: मला तिकीट नको, पद नको, मी निष्काम भावनेने काम करतो. हे वाक्य बहुतेक वेळा खरंही असतं. प्रश्न असा की, ते खरं असलं म्हणून पुरेसं आहे का? माझं म्हणणं, नाही. फळाची इच्छा नसणं ही करणाऱ्याबद्दलची गोष्ट झाली. त्याच्या हातून जे काम होतं त्याबद्दल ती काहीच सांगत नाही. उलट, पगारासाठी राबणाऱ्याला निदान पोटाची सबब असते. ज्याला कोणतीच गरज नाही तो आपल्या खुशीने आला आहे, म्हणून हातून घडणाऱ्या कामाची जबाबदारी त्याच्यावर जास्त येते.

निष्कामतेचा दाखला ज्या गीतेतून दिला जातो तिथेच याचा आधार सापडतो. दुसऱ्या अध्यायातला कर्माच्या अधिकाराचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. अठराव्या अध्यायात कर्माचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, तिकडे कोणी फारसं वळत नाही. तामस कर्माचं लक्षण तिथे असं दिलं आहे की पुढे काय होईल, किती हानी होईल, कोणाला इजा होईल आणि आपली कुवत किती, यांतलं काहीही न पाहता केवळ मोहाने जे आरंभलं जातं ते तामस. म्हणजे फळ सोडायला सांगणारा ग्रंथच परिणाम न पाहणाऱ्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवतो. यात विसंगती नाही. सोडायचं ते आपल्या वाट्याचं फळ; आपल्या कृतीने दुसऱ्यांच्या वाट्याला काय येतं ते पाहायचंच आहे. गांधीजींनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत नेमकं हेच स्पष्ट केलं: फलत्याग म्हणजे परिणामाविषयी बेपर्वाई नव्हे, परिणामाचा विचार आणि साधनाचं ज्ञान हवंच. मॅक्स वेबरने जानेवारी १९१९ मध्ये म्युनिकला राजकारणावर जे गाजलेलं व्याख्यान दिलं, त्यात हेतूची नीती आणि परिणामांची जबाबदारी घेणारी नीती असा भेद केला; त्याच व्याख्यानात त्याने अर्जुन-कृष्ण संवादाचाही उल्लेख केला आहे. मात्र ज्याने त्याने आपला धर्म पाळावा, एवढाच अर्थ त्याने तिथून उचलला. अठराव्या अध्यायातलं हे वर्गीकरण त्याच्या मुद्द्याला जास्त जवळचं होतं, असं मला वाटतं.

इथे पुण्यातला जाणता वाचक थांबवून विचारील की, टिळकांचं काय? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी तर बाह्य परिणामांवरून कर्माची किंमत करणाऱ्या पाश्चात्त्य सुखवाद्यांना खोडून काढलं आणि कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हीच खरी कसोटी मानली. मग शुद्ध मनाने पावत्या वाटणारा कार्यकर्ता टिळकांच्या कसोटीला उतरतो की! हा आक्षेप वजनदार आहे, आणि टिळकांना सोयीपुरतं वापरून तो झटकता येणार नाही. पण टिळकांची शुद्ध बुद्धी म्हणजे नुसता लोभाचा अभाव नव्हे. सर्वांभूती एकच आत्मा पाहणारी, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून वागणारी समबुद्धी त्यांना अभिप्रेत आहे. आत्मौपम्य हा त्या ग्रंथातला कणा आहे. अशी बुद्धी असणारा माणूस समोरच्याचं काय होतं याविषयी बेफिकीर राहूच शकत नाही. शिवाय टिळक काही मतपेटीपासून दूर राहिलेले तत्त्वज्ञ नव्हते. १८९५ साली ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले होते, आणि मृत्यूच्या काही महिने आधी, एप्रिल १९२० मध्ये, त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीचा जाहीरनामा काढला तो येणाऱ्या निवडणुका डोळ्यांसमोर ठेवूनच. तेव्हा कसोटी त्यांचीच घेऊ, आणि ती प्रचार कार्यालयातल्या टेबलावर लावून पाहू.

त्या टेबलावर सगळ्यात महत्त्वाची वस्तू असते मतदारयादी. पानावर लहान लहान चौकोन, प्रत्येकात अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा नंबर. स्वयंसेवकाच्या हातात पेन. तो नावांपुढे खुणा करत जातो: आपला, त्यांचा, कुंपणावरचा, मयत, घर बदललेला, मुलगा परदेशी. यात वावगं काही नाही. कोणाच्या दारात जायचं हे ठरवल्याशिवाय प्रचार होत नाही, आणि यादीतल्या चुका शोधून नाव राहिलेल्यांना अर्ज भरून देणारे कार्यकर्ते तर त्या भागावर उपकारच करतात. त्याची गरजही आहे; २०१९ च्या लोकसभेला पुण्यात निम्म्याहूनही कमी मतदार घराबाहेर पडले होते. पण तेच पेन आडनावांवरूनही फिरतं. या चाळीत अमुक समाजाची इतकी मतं, त्या सोसायटीत तमुक समाजाची. तिकडे जाऊ नका, ती आपली नाहीत. सकाळच्या चहाबरोबर हा हिशेब इतक्या सहज होतो की तो करणाऱ्यालाही आपण काही केलं असं वाटत नाही. आत्मौपम्याची कसोटी इथे लागते. दुसऱ्या पक्षाच्या गाळ्यात बसलेल्या कोणी आपलं आडनाव वाचून आपल्याला असंच एका खुणेत बसवलं, न भेटता, न विचारता, तर ते आपल्याला चालेल का? एखाद्या वस्तीत ‘ते आले तर तुमचं काय होईल’ अशी भीती पेरून मत मागितलं, तर ती भीती निकालानंतर कुठे जाते? उमेदवार पाच वर्षांनी बदलतो. शेजारी तेच राहतात.

कायद्याला हे कळलेलं आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३ वं कलम धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावाने मत मागणं आणि प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं यांना भ्रष्ट आचरण ठरवतं. मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी जानेवारी २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्म-जातीच्या नावाने केलेलं आवाहनही यात मोडतं. पण कायद्याचा हात एका मर्यादेपर्यंतच पोचतो. कृत्य उमेदवाराचं, त्याच्या प्रतिनिधीचं किंवा त्यांच्या संमतीने केलेलं आहे हे सिद्ध व्हावं लागतं. रात्री अकरा वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर विरोधी उमेदवाराबद्दल आलेला मजकूर शहानिशा न करता पुढे ढकलणारे काका त्या कलमाच्या बाहेर राहतात. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे घेतले नव्हते, पक्षप्रेमाने केलं. न्यायालय त्यांच्यापर्यंत जाणार नाही. म्हणून तिथे त्यांच्या विवेकाशिवाय दुसरं कोणी उरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की आम्ही साधी माणसं, धोरण वरचे ठरवतात, आम्ही फक्त पावत्या वाटतो. हे मान्य करायला माझी हरकत नाही, मात्र मग निकालाच्या दिवशी गुलालही वरच्यांनीच उधळावा. विजयात वाटा मागायचा आणि वाईटाच्या वेळी आपण खिजगणतीतही नव्हतो म्हणायचं, असं दोन्हीकडून चालत नाही. वाटा लहान असेल तर जबाबदारीही लहान, पण शून्य नव्हे.

याहून गंभीर आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे. निवडणुकीचं कामच मुळात बाजू घेण्याचं, माणसांत दुफळी पाडण्याचं. ज्याला धर्माने वागायचं आहे त्याने त्यात पडूच नये, त्यापेक्षा रुग्णसेवा करावी, झाडं लावावीत. विनोबा या आक्षेपाचे सगळ्यात मोठे साक्षीदार. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि मराठी घराघरांत पोचली. तेच विनोबा आयुष्यभर पक्षांपासून आणि निवडणुकांपासून लांब राहिले. त्या अलिप्ततेचा मला आदर आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्यांच्याच भूदान चळवळीत मिळालेल्या जमिनींना कायदेशीर आधार देण्यासाठी राज्याराज्यांच्या विधिमंडळांना कायदे करावे लागले, आणि ती विधिमंडळं कुणीतरी प्रचार करून निवडून आणलेलीच होती. हात न घालणारा माणूसही कोणीतरी घातलेल्या हातावर उभा असतो. निवडणूक आपण नाही म्हटल्याने टळत नाही; चांगली माणसं गाळ्यातून उठून गेली की तिथल्या खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत, रोजंदारीवाले आणि ठेकेदार त्या भरतात. म्हणून अलिप्त राहण्याचेही परिणाम असतात आणि अठराव्या अध्यायाची अट अलिप्त राहणाऱ्यालाही सुटत नाही.

मग शिस्तीचं काय? प्रत्येक कार्यकर्ता तत्त्वज्ञान सांगू लागला तर मतदानाच्या दिवशी बूथ कोण सांभाळणार? अगदी खरं आहे. सकाळी सातला टेबल मांडून बसल्यावर चर्चा करायची नसते. पण त्या सकाळच्या आधी पुष्कळ दिवस असतात, आणि प्रश्न विचारायचे ते तेव्हा. अर्जुनानेही रणांगणावर येऊन का होईना, भरपूर विचारलं, आणि सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्णाने त्याला यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर असं म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवला. गोखल्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज स्थापला तेव्हा सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक बैठक हवी हे ध्येय मांडलं, पण केवळ सदस्याच्या सद्भावनेवर भिस्त ठेवली नाही. पाच वर्षांची उमेदवारी, अभ्यास, प्रवास, आणि सात प्रतिज्ञा. त्यांत स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही ही एक, आणि जात-पंथ न पाहता सर्व भारतीयांना भाऊ मानायचं ही दुसरी. पहिली पाळणारे आजही पुष्कळ भेटतात. दुसरी मात्र प्रचाराच्या धामधुमीत सहज सुटते, आणि पहिलीच्या अभिमानात ती सुटल्याचं लक्षातही येत नाही. शिस्त आणि विचार यांच्यात गोखल्यांना विरोध दिसला नाही, तो आपणच उभा केला आहे.

शेवटी राहतो तो व्यवहारी माणसाचा मुद्दा: धुतल्या तांदळासारखा उमेदवार मिळणार कुठून? दगडापेक्षा वीट मऊ म्हणून निवडायचं. गीतेचंही याला अनुमोदनच आहे; अग्नीला धूर तसा प्रत्येक आरंभाला दोष चिकटलेला असतो, म्हणून नेमलेलं काम टाकू नये, असं ती सांगते. त्यामुळे सदोष उमेदवारासाठी काम करणं मला अधर्म वाटत नाही. पण धूर आहे हे कळून शेकोटी पेटवणं वेगळं आणि डोळे मिटून घेऊन धूर नाहीच म्हणणं वेगळं. आपला उमेदवार कुठे कमी पडतो हे ज्याला माहीत आहे आणि दारात विचारलं तर जो ते नाकारत नाही, त्याचं काम मी सात्त्विक मानेन, मग त्याचा उमेदवार पडो वा निवडून येवो. ज्याला हे माहीतच करून घ्यायचं नाही, त्याची निष्कामता खरी असूनही कामाची नाही. माहीत करून घेणं अवघड राहिलेलं नाही. प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही फुकट पाहता येतं. पुढच्या खेपेला कोणाच्याही कार्यालयात जाल तेव्हा आधी ते घरी बसून वाचा, जे खटकेल ते उमेदवाराला तोंडावर विचारा, आणि मग पावत्यांचा गठ्ठा उचला.